लाटा अडवता येतील, वाळूचे काय?

मालाडच्या अक्सा चौपाटीवर महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाने २०२२-२३ मध्ये सुमारे ६०० मीटर लांबीची भिंत बांधायला घेतली आणि उपनगरांच्या पश्चिम किनाऱ्यावरचा एक जुनाच वाद नव्याने पेटला. किनाऱ्याची धूप थांबवण्यासाठी भिंत आवश्यक आहे, असे बोर्डाचे म्हणणे होते. पुळणीवरच भिंत उभारल्याने धूप थांबण्याऐवजी वाढेल, हा पर्यावरण कार्यकर्त्यांचा आक्षेप होता. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. भिंत हवी की नको, ती भरतीरेषेच्या अलीकडे की पलीकडे, परवानगीतील अटी पाळल्या गेल्या की नाहीत, यावर बराच खल झाला. ज्या वाळूसाठी हा सारा खटाटोप, तिचा हिशेब मात्र या चर्चेत मागेच राहिला.

अशा वादांत एक मधला मार्ग हमखास सुचवला जातो. भिंत किनाऱ्यावर बांधूच नये. दगड समुद्रात, किनाऱ्यापासून काही अंतरावर, किनाऱ्याला समांतर टाकावेत. लाट तेथेच फुटेल आणि आडोशाला पुळण आपोआप वाढेल, असा हा युक्तिवाद. जपान, इटली, इंग्लंड यांचे दाखलेही दिले जातात. कल्पना चुकीची नाही, तिच्यामागे पक्के शास्त्र आहे. परंतु समुद्रातला लाटरोधक बंधारा वाळू निर्माण करीत नाही. वाहत्या वाळूतली काही तो एका ठिकाणी थांबवतो. म्हणजे एका चौपाटीच्या खात्यात जमा झालेली वाळू कोठल्या तरी दुसऱ्या खात्यातून वजा होत असते. जुहू, वर्सोवा, अक्सा, गोराई या किनाऱ्यांवर वाळूची आवकच बेताची आहे. तेथे ही वजाबाकी कोणाच्या वाट्याला येणार, हे आधी ठरवल्याशिवाय बंधाऱ्याच्या लांबी-रुंदीवर बोलणे निरर्थक आहे.

मुळात पुळण म्हणजे स्थिर जमीन नव्हे. जून उजाडला, की पश्चिम आणि नैऋत्येकडून येणाऱ्या उंच, लागोपाठच्या लाटा किनाऱ्यावरची वाळू खरवडून आत ओढतात. ती फार दूर जात नाही. लाटा जेथे फुटतात, त्याच्या आसपास पाण्याखाली तिचा एक लांबट उंचवटा तयार होतो. पुढच्या लाटा या उंचवट्यावर अडखळून लवकर फुटतात आणि किनाऱ्यावरचा मारा कमी होतो. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवत जातो, लाटा लांब आणि संथ होतात आणि तीच वाळू हळूहळू परत वर चढवतात. हिवाळ्यात वायव्येकडून येणाऱ्या लाटांमुळे तिची किनाऱ्यालगतची दिशाही बदलते. कोळीवाड्यांतल्या जुन्या माणसांना हे चक्र पाठ असते. ऑगस्टमध्ये खडक उघडे पडले, म्हणजे किनारा गेला, असे ते समजत नाहीत. थोडक्यात, पाण्याखालचा तो उंचवटा हाच निसर्गाचा लाटरोधक बंधारा. त्याचे वैशिष्ट्य असे, की गरज संपली की तो स्वतःहून मोडतो आणि किनाऱ्यावर परततो.

किनाऱ्यावर भिंत आली, की हे चक्र बिघडते. उताराच्या पुळणीवर लाटेचा जोर चढता चढता जिरतो. उभ्या भिंतीवर आदळलेली लाट मात्र उरलेला जोर घेऊन मागे फिरते. ती पायथ्याची वाळू उकरते, भिंतीसमोर पाणी खोल होते आणि खोल पाण्यातून पुढची लाट अधिक मोठी येते. शिवाय भिंतीच्या मागे जी वाळू राहते, ती पावसाळ्यातील उंचवट्याला मिळत नाही. भिंतीमागचा रस्ता किंवा इमारत वाचते, यात शंका नाही. पण ती चौपाटीच्या मोबदल्यात वाचते. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर मार्च २०१८ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले दिसली, तेव्हा त्याचे मोठे कौतुक झाले. अंडी घालण्यासाठी मादीला भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू लागते. जेथे भरतीचे पाणी थेट भिंतीला भिडते, तेथे अशी वाळू उरतच नाही.

समुद्रातल्या बंधाऱ्याचे काम निराळ्या रीतीने चालते. लाट बंधाऱ्यावर आदळून फुटते, पण त्याच्या दोन्ही टोकांवरून जाणारी लाट सरळ पुढे जात नाही. ती टोकाला वळसा घालून आतल्या बाजूला पंख्यासारखी पसरते. हा वळसा घेताना तिची उंची कमी होते. त्यामुळे बंधाऱ्याच्या मागे, म्हणजे किनाऱ्याच्या बाजूला, शांत पाण्याची एक सावली पडते. सावलीबाहेरच्या किनाऱ्यावर लाटा उंच, आत ठेंगण्या. या फरकामुळे दोन्हीकडून सावलीच्या दिशेने पाणी वाहू लागते. त्याबरोबर वाळू येते आणि शांत पाण्यात तिला पुढे नेण्याचा जोर उरला नसल्याने तेथेच बसते. काही काळाने किनाऱ्याची रेषा बंधाऱ्याच्या दिशेने फुगते. हा फुगवटा वाढत वाढत थेट बंधाऱ्याला जाऊन भिडला, तर त्या जोडपट्टीला भूगोलाच्या पुस्तकात टोंबोलो म्हणतात.

फुगवट्यावर थांबायचे की टोंबोलो होऊ द्यायचा, हा या शास्त्रातला कळीचा प्रश्न आहे. ढोबळ नियम असा, की बंधाऱ्याची लांबी त्याच्या किनाऱ्यापासूनच्या अंतरापेक्षा जास्त असेल, तर टोंबोलो होण्याची शक्यता मोठी. लांबी अंतराच्या निम्म्याहून कमी असेल, तर परिणाम किरकोळ. या दोहोंच्या दरम्यान मर्यादित फुगवटा येतो. फुगवट्याच्या पुढून काही वाळू किनाऱ्यालगत वाहत राहते. टोंबोलो झाला, की ही वाट बंद होते आणि प्रवाहाच्या खालच्या अंगाचा किनारा उपाशी राहतो. मग तेथले रहिवासीही बंधाऱ्याची मागणी करतात, तो बांधला जातो आणि उपासमार आणखी पुढे सरकते.

कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे १९३४ च्या सुमारास होड्यांसाठी शांत पाणी मिळावे म्हणून समुद्रात सुमारे ६०० मीटर लांबीचा बंधारा घातला गेला. उद्देश होता बंदराचा, झाली चौपाटी. बंधाऱ्यामागे वाळू साठून पुळण रुंदावली आणि होड्यांची जागा उथळ झाली. त्याच वेळी खालच्या अंगाला, व्हेनिसच्या बाजूला, वाळू घटली. पुढे देखभालीअभावी बंधारा खचत गेला, तसा मागचा फुगवटाही ओसरू लागला. तेथून जवळच्या सांता बार्बरा येथे बंधारा आधी किनाऱ्यापासून सुटा होता. मागे वाळू साचू लागली म्हणून १९३० मध्ये तो किनाऱ्याला जोडण्यात आला. तेव्हा वाळू दुसऱ्या बाजूला साचली, कालांतराने टोकाला वळसा घालून बंदरात शिरली आणि गाळ उपसण्याचे काम बंदराच्या मागे कायमचे लागले. समुद्राशी केलेला व्यवहार एकरकमी मिटत नाही, त्याचे हप्ते चालूच राहतात.

युरोपातील अनुभव अधिक सावध आहे. इंग्लंडच्या नॉरफोक किनाऱ्यावर सी पॉलिंग येथे १९९० च्या दशकात समुद्रात दगडी बंधारे बांधले गेले. पहिल्या चार बंधाऱ्यांमागे टोंबोलो होऊ लागल्याचे दिसल्यावर पुढच्या पाच बंधाऱ्यांचा आराखडाच बदलण्यात आला. ते आखूड आणि ठेंगणे करण्यात आले. मूळ योजना सोळा बंधाऱ्यांची होती, ती नऊवर थांबली. पहिला टप्पा बांधून, मोजून, चूक दिसल्यावर दुसरा टप्पा बदलणे ही गोष्ट साधी वाटते. पण संपूर्ण कामाची एकच निविदा काढून तीन पावसाळ्यांत ते उरकण्याच्या आपल्याकडील रिवाजात अशा दुरुस्तीला जागाच नसते.

भारतातही धडे कमी नाहीत. चेन्नईच्या बंदराचे बांधकाम १८७६ मध्ये सुरू झाले. बंदराच्या भिंतीने उत्तरेकडे जाणारी वाळू अडवली, त्यातून दक्षिणेला मरीनाची विख्यात चौपाटी रुंदावली आणि उत्तरेला रॉयपुरमचा किनारा खचत गेला. मरीनावर फिरायला येणाऱ्याला रॉयपुरमची आठवण होण्याचे कारण नसते, पण दोन्ही एकाच खात्याची पाने आहेत. पुदुच्चेरीत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बंदराचे बंधारे झाले आणि शहरासमोरची पुळण पाहता पाहता नाहीशी झाली. तेथे पुढे २०१८ मध्ये राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने पाण्याखाली पोलादी पेटीचा त्रिकोणी बांध बसवला, जोडीला वाळूची भर घातली आणि पुळण काही प्रमाणात परत आली. दुसरीकडे केरळात कोवळम येथे २०१० च्या सुमारास वाळूच्या मोठमोठ्या पिशव्यांचा पाण्याखालचा बांध झाला, तो फार काळ टिकला नाही. पुदुच्चेरीचे यश सांगताना दोन गोष्टी विसरल्या जातात. एक म्हणजे तेथे वर्षातला बराच काळ वाळूचा भरपूर प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत असतो; त्यातली थोडी अडवणे शक्य असते. दुसरी म्हणजे तेथे भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभराचा आहे.

महाराष्ट्राने हा मार्ग चोखाळण्याचे ठरवले होते. आशियाई विकास बँकेच्या साहाय्याने २०१० मध्ये कर्नाटक आणि महाराष्ट्रासाठी किनारा संरक्षणाचा जो कार्यक्रम मंजूर झाला, त्यात रत्नागिरीजवळच्या मिऱ्या उपसागरासाठी पाण्याखालचा बांध आणि वाळूची भर असा आराखडा होता. कर्नाटकात उल्लाळ येथे समुद्रात असे बांध झाले. मिऱ्याला मात्र आज दिसते ते दगड आणि टेट्रापॉडच्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचे काम. नव्या विचाराची सुरुवात करून शेवटी ओळखीच्या दगडांवर येऊन थांबणे, हा प्रशासकीय स्वभावाचा भाग झाला आहे. टेट्रापॉड मरीन ड्राइव्हमुळे मुंबईकरांच्या इतके परिचयाचे आहेत, की समुद्र म्हटला की टेट्रापॉड हे समीकरणच होऊन बसले आहे. मरीन ड्राइव्हला वाचवायचा आहे तो रस्ता. तेथे पुळणीचा प्रश्न नाही, हे लक्षात घेतले जात नाही.

उपनगरांतल्या किनाऱ्याची प्रकृती मात्र या सर्वांहून वेगळी आहे. मुलुंड आणि घाटकोपरच्या रहिवाशाला समुद्र म्हणजे ठाण्याची खाडी, खारफुटी आणि फ्लेमिंगो. तेथे वाळू नाही, चिखल आहे. वाळू आहे ती पश्चिमेला, आणि तीही सलग नाही. खार दांड्यापासून जुहूमार्गे वर्सोव्यापर्यंत एक पट्टा, मालाडच्या खाडीपलीकडे मढ, एरंगळ, दानापानी, अक्सा हा दुसरा, मनोरी-गोराईचा तिसरा. प्रत्येक पट्टा खडकांच्या टोकांमध्ये आणि खाड्यांच्या मुखांमध्ये अडकलेला. एका पट्ट्यातली वाळू सहजासहजी दुसऱ्यात जात नाही. म्हणून प्रत्येक पट्टा ही एक स्वतंत्र तिजोरी समजावी लागते. वर्सोव्याला सात बंगल्यासमोर वाळू अडवली, तर ती जुहूला कमी पडेल. अक्साला अडवली, तर दानापानीला.

या तिजोऱ्यांत भर पडण्याचे मार्गही अरुंद आहेत. सह्याद्रीचा काळा कातळ झिजला, की त्याची माती अधिक होते, वाळू कमी. म्हणूनच कोकणच्या पुळणींत शिंपल्यांच्या चुऱ्याचा वाटा मोठा असतो. वैतरणा आणि उल्हास या नद्या वसई-गोराई भागाला वाळू पुरवणाऱ्या. त्यातली वैतरणा व तिच्या उपनद्या मुंबईची तहान भागवतात. तानसा १८९२ मध्ये, मोडकसागर १९५७ मध्ये आणि मध्य वैतरणा २०१४ मध्ये पूर्ण झाले. धरणात पाणी थांबते, तशी नदीतली वाळूही थांबते. धरणाखाली जी उरते, तिच्यावर बांधकामासाठी रेती उपसणाऱ्यांची नजर असते. अंधेरी-बोरिवलीतल्या इमारतींच्या भिंतींत आणि नळांत या किनाऱ्याच्या वाळूचा काही हिस्सा आधीच खर्ची पडला आहे. जुहू तर मुळात वाळूचा एक लांब दांडाच. साष्टीच्या पश्चिमेला समुद्रसपाटीपासून जेमतेम मीटर-दोन मीटर उंचीचा हा पट्टा ओहोटीला चालत जाऊन गाठता येई. जमशेटजी टाटांनी १८९० च्या दशकात तेथे जमीन घेऊन बंगला बांधला, तेव्हाही जुहू बेटच होते. दांड्यामागची खाडी भरली, इमारती पुळणीपर्यंत आल्या आणि पावसाळ्यात मागे सरकण्याची दांड्याची मोकळीक संपली.

आता भरती-ओहोटी. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती साडेचार मीटरच्या वर जाते आणि त्याच दिवशीची ओहोटी मीटरभराच्या आत येते. जुहूचा किनारा उथळ असल्याने ओहोटीला पाणी दूरवर मागे हटते. अशा ठिकाणी समुद्रातला बंधारा किती उंच बांधायचा? भरतीतही तो पाण्याबाहेर राहायचा असेल, तर ओहोटीला चौपाटीसमोर दोन मजली दगडी तटबंदी उभी राहील आणि सूर्यास्त पाहायला येणाऱ्यांना दगडच पाहावे लागतील. तो पाण्याखाली ठेवायचा असेल, तर भांगाच्या दिवसांत तो लाट अडवील, पण उधाणात त्याच्यावर पाण्याचा जाड थर येईल आणि लाटा बिनदिक्कत पलीकडे जातील. किनाऱ्याची नासधूस होते ती नेमकी उधाण आणि वादळी लाटा एकत्र येतात तेव्हाच. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ मुंबईपासून दूरवरून, समुद्रातूनच उत्तरेला गेले, तरी किनाऱ्यावर केवढा मारा झाला हे सर्वांनी पाहिले. ज्या दिवशी रखवालदाराची गरज, त्याच दिवशी तो रजेवर, अशी पाण्याखालच्या बांधाची गत होऊ शकते.

यावर उत्तर अजिबातच नाही असे नव्हे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर एल्मर येथे उधाणातला फरक पाच मीटरच्या आसपास आहे. तेथे १९९३ च्या सुमारास दगडांची आठ बेटे किनाऱ्याला समांतर बांधण्यात आली आणि त्यामागे बाहेरून गोट्यांची मोठी भर घातली गेली. एल्मरची घरे वाचली. मात्र पूर्वेकडील क्लाइम्पिंगचा किनारा मागे हटत राहिला. त्याला ही बेटेच एकमेव कारण आहेत असे म्हणता येणार नाही, पण तेथली चर्चा त्यांना वगळून होत नाही. मुंबईने परदेशाकडे पाहायचेच असेल, तर कॅलिफोर्नियापेक्षा या लहानशा गावाकडे पाहावे. फरक एवढाच, की एल्मरला गोटे आहेत, मुंबईला बारीक वाळू आणि गाळ.

आणि गाळ हाच या साऱ्या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग आहे. शांत पाण्यात वाळू बसते हे खरे, पण शांत पाण्यात चिखलही बसतो. उघड्या किनाऱ्यावर लाटांची सतत घुसळण चालू असल्याने बारीक गाळ तरंगत राहतो आणि ओहोटीबरोबर निघून जातो; जुहूची पुळण वाळूची राहिली आहे ती या घुसळणीमुळे. मालाडच्या खाडीतून ओशिवरा आणि पोईसर नद्यांचे, खरे तर आता नाल्यांचेच, पाणी येते. त्याबरोबर गाळ, सांडपाणी आणि प्लास्टिक येते. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर २०१५ पासून जी प्रचंड स्वच्छता मोहीम अफरोज शाह यांच्या पुढाकाराने चालली, तिने या कचऱ्याचे प्रमाण जगासमोर आणले. खाडीच्या मुखाजवळ बंधाऱ्याची सावली निर्माण केली, तर त्या सावलीत पहिल्यांदा काय येऊन बसेल, हे सांगायला मोठ्या अभ्यासाची गरज नाही. सोनेरी पुळणीच्या संकल्पचित्राऐवजी काळा, दुर्गंधीचा चिखल पदरी पडण्याचा धोका येथे खरा आहे. सांडपाण्याचा प्रश्न न सोडवता बंधारा बांधणे, म्हणजे गटाराचे तोंड उघडे ठेवून अंगणाला कुंपण घालणे.

वर्सोव्याच्या कोळ्यांना गाळाची ओळख करून द्यावी लागत नाही. खाडीच्या मुखाशी साचलेल्या गाळामुळे होड्यांना भरतीची वाट पाहात थांबावे लागते, ही त्यांची जुनी तक्रार. गाळ उपसला जातो, पुन्हा भरतो. किनाऱ्यासमोर दगडांची रांग आली, तर होड्या आत-बाहेर नेण्याच्या वाटा बदलतील, जाळी टाकण्याच्या जागा जातील, आणि दोन बंधाऱ्यांमधल्या फटीतून पाणी जोराने बाहेर पडेल. अक्साला हा शेवटचा मुद्दा पर्यटकांच्याही जिवाशी निगडित आहे. बुडून मृत्यू होण्याच्या घटनांमुळे ही चौपाटी आधीच कुप्रसिद्ध आहे. ओढीचे प्रवाह आणि वाळूतले खड्डे यांनी तेथे कित्येक तरुणांचे बळी घेतले. बंधाऱ्यामागचे पाणी वरून शांत दिसते आणि फटीजवळ ओढ वाढते. पोहण्याची सवय नसलेल्या माणसासाठी याहून वाईट सापळा नाही. वरळीला सागरी किनारा रस्त्याच्या वेळी दोन खांबांमधील अंतरासाठी कोळ्यांना दीर्घकाळ झगडावे लागले आणि अखेर २०२२ च्या अखेरीस ते १२० मीटर करण्याचा निर्णय झाला. तो प्रश्न आराखडा तयार होण्यापूर्वी विचारला गेला असता, तर बराच वेळ आणि पैसा वाचला असता.

हे सारे कोणी पाहायचे? धूपप्रतिबंधक बंधारे मेरिटाइम बोर्ड बांधते. चौपाटीची स्वच्छता, जीवरक्षक आणि सांडपाणी महापालिकेकडे. वर्सोवा-वांद्रे सागरी सेतूचे १७ किलोमीटरहून लांब काम राज्य रस्ते विकास महामंडळाकडे. परवानग्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे. प्रत्येक खाते आपापल्या कामापुरता परिणाम तपासून घेते. सेतूच्या खांबांमधून पाणी जाते, म्हणून परिणाम नाही. भिंत सहाशे मीटरचीच आहे, म्हणून परिणाम नाही. गाळ खाडीतलाच उपसला, म्हणून परिणाम नाही. सुटे सुटे पाहता यातले प्रत्येक विधान बरोबरही असू शकेल. वाळूला मात्र खात्यांच्या हद्दी कळत नाहीत आणि ती या सर्वांची एकत्रित बेरीज किनाऱ्यावर मांडून दाखवते. हरित लवादाच्या चेन्नई येथील पीठाने पुदुच्चेरीच्या संदर्भात एप्रिल २०२२ मध्ये दिलेल्या आदेशाचा रोख हाच होता. किनारा व्यवस्थापनाचे आराखडे आधी करावेत आणि तोवर धूप होणाऱ्या किनाऱ्यांवर भिंती, बंधाऱ्यांसारखी कठीण बांधकामे टाळावीत, असे त्यात बजावण्यात आले.

कामाला लागायचे तर प्रारंभ स्वस्त गोष्टींपासून करता येईल. जुहू-वर्सोवा, मढ-अक्सा आणि मनोरी-गोराई या तिन्ही पट्ट्यांत ठरलेल्या रेषांवर दर महिन्याला पुळणीचा उतार मोजणे, पाण्याखालच्या उंचवट्यासह, आणि आकडे जाहीर करणे. किमान चार-पाच पावसाळ्यांचे मोजमाप हाती आल्याखेरीज दरसालची खरवड कोणती आणि कायमची धूप कोणती, हे वेगळे करता येत नाही. एका ऑगस्टमधल्या छायाचित्रावरून बंधारा मंजूर होतो, तो याच कारणाने. खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासून पाण्याच्या प्रतिकृतींवर काम करीत आहे. लाटा आणि वाळूची प्रतिकृती करून पाहण्याची विद्या दारातच आहे. मात्र तिला पाहणीसाठी दिला जाणारा पट्टा ठेकेदाराच्या कामाच्या लांबीइतका नव्हे, खडकाच्या टोकापासून टोकापर्यंतचा असला पाहिजे. शेजारच्या चौपाटीवर काय होईल, हे अहवालाच्या परिशिष्टात नव्हे तर पहिल्या पानावर यायला हवे.

त्यानंतरही एखाद्या जागी बंधारा लागलाच, तर तो आखूड, सुटा आणि काढून घेता येण्याजोगा असावा, आणि त्याच्यासोबत वाळूची भर अपरिहार्य मानावी. म्हणजे मागचा फुगवटा शेजाऱ्याच्या वाळूने भरणार नाही. ही वाळू आणायची कोठून, हा खर्चाचा खरा मुद्दा. वर्सोवा खाडीच्या मुखातून आणि मासेमारी बंदरांतून जो गाळ काढला जातो, त्यातली चिखल आणि वाळू वेगळी करून, प्रदूषण तपासून, वापरण्यायोग्य वाळू त्याच पट्ट्याच्या पुळणीसमोर उथळ पाण्यात परत टाकता येते का, याची चाचणी एका हंगामात घेता येईल. सागरी सेतूच्या कामात निघणाऱ्या वाळूलाही हाच नियम लावता येईल. त्यासाठी उपसा करण्याच्या निविदेत एका कलमाची भर घालावी लागेल: गाळ कोठे टाकला, हे नकाशावर दाखवणे बंधनकारक.